समाजशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला सोलापुरात पुढे काय वाव आहे?

प्रश्न : यंत्रमागकर (पूर्व भाग, सोलापूर)

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. माझी धाकटी बहीण शहरातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षात शिकते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पुढच्या वर्षी तिला मुख्य विषय, म्हणजे ज्याला सगळे मेजर म्हणतात तो, ठरवायचा आहे आणि समाजशास्त्र घ्यायचे तिने मनाशी पक्के केले आहे. वडील मागावर असतात, आई घरी विड्या वळते, घरात तेलुगू बोलली जाते आणि आमच्या घराण्यात पदवीपर्यंत जाणारी ती पहिलीच मुलगी आहे. मी स्वतः बारावीनंतर टॅली शिकून कामाला लागलो, त्यामुळे या विषयातले मला काही कळत नाही.

नातेवाइकांचे म्हणणे असे की, ज्यांना दुसरीकडे प्रवेश मिळत नाही तेच हा विषय घेतात, वर्गात मुलीच जास्त असतात आणि शेवटी हाती काही लागत नाही. विद्यार्थी खरोखर या विषयाकडे पाठ फिरवत आहेत का, हा विषय नेमके कोण शिकते आणि प्राध्यापकी सोडून यात कोणती कामे मिळतात, हे या क्षेत्रातल्या जाणत्यांनी सांगावे. तीन-चार वर्षांत तिची कमाई घरात यावी अशी आमची अपेक्षा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘आवडते ते शिकू द्या’ हा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला आहे. त्याच्या पुढचे काही हवे आहे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (सोलापूर)

आपला प्रश्न रोखठोक आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो.

प्रथम आकड्यांविषयी. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे 4.33 कोटी होती आणि त्यांत 2.07 कोटी मुली होत्या. पदवी पातळीवर सर्वाधिक म्हणजे 34.2 टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, तर पदव्युत्तर पातळीवर सामाजिक शास्त्रे 21.1 टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होती. हे आकडे एकट्या समाजशास्त्राचे नाहीत. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र हे सगळे त्यांत आले. तरीही ‘सामाजिक शास्त्रांना विद्यार्थीच मिळत नाहीत’ ही समजूत यावरून टिकत नाही.

मात्र या गर्दीचा अर्थ लावताना सावध राहावे. पदव्युत्तर वर्गांतली गर्दी म्हणजे विषयाला बाजारात मागणी आहे असे नव्हे. कित्येक विद्यार्थी एम.ए.ला येतात ते बी.ए.नंतर लगेच काम मिळत नाही म्हणून, स्पर्धा परीक्षेची तयारी करताना वसतिगृह आणि शिष्यवृत्ती चालू राहावी म्हणून, आणि मुलींच्या बाबतीत ‘स्थळ येईपर्यंत शिकू दे’ म्हणून. घरच्यांशी भांडून ही दोन वर्षे पदरात पाडून घेतलेल्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत, त्यामुळे या कारणांना मी हिणवत नाही. पण पटावरची संख्या पाहून भवितव्य उज्ज्वल आहे असे कोणी सांगत असेल, तर त्याने केवळ पट पाहिला आहे.

दुसऱ्या बाजूने पदवीच्या पहिल्या वर्षाची ओढ बदलते आहे. बारावी कला शाखेनंतरही मुलींना आता बी.सी.ए., बी.बी.ए., नर्सिंग असे पर्याय दिसतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये घेतला, तेव्हापासून ‘स्वस्त म्हणून बी.ए.’ हे जुने गणितही बदलू लागले. संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची, रचना आल्यामुळे एखाद्या विषयाला मेजर म्हणून किती मुले मिळतात यावर त्या विभागाचे अस्तित्व अवलंबून राहू लागले आहे. समाजशास्त्र मायनर किंवा खुला ऐच्छिक विषय म्हणून पुष्कळ जण घेतात, पण मेजरला तेवढे टिकत नाहीत, अशी तक्रार मी प्राध्यापक मित्रांकडून ऐकतो.

अशी चढउतार अन्यत्रही झाली आहे. अमेरिकेत 1970च्या दशकाच्या मध्याला समाजशास्त्राच्या पदव्या शिगेला पोहोचल्या, पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आल्या आणि नंतर पुन्हा वाढल्या. त्या काळात विषय आधी चांगला, मग वाईट आणि मग पुन्हा चांगला झाला असे थोडेच आहे? नोकऱ्यांचे वारे जिकडे वाहते तिकडे विद्यार्थी जातात.

आता हा विषय कोण शिकते ते सांगतो. हा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. सोलापुरातल्या समाजशास्त्राच्या वर्गाची हजेरी घेताना शहराचा अर्धा इतिहास वाचून होतो. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या; त्या गिरण्यांनी आणि हातमागांनी ज्यांना तेलंगणातून, कर्नाटकाच्या सीमेवरून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून ओढून आणले, त्यांची पणतवंडे आज बाकांवर बसतात. पद्मशाली आणि लिंगायत घरांतली मुले असतात, उर्दू माध्यमातून आलेल्या मुली असतात, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडून एस.टी.ने येणारी कन्नडभाषक मुले असतात. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना तारेच्या कुंपणात डांबले, त्या सेटलमेंटमधल्या कुटुंबांची मुलेही येतात. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण ‘राहायला कुठे?’ या प्रश्नाला उत्तर देताना काही मुले आजही घुटमळतात. अशा वर्गात जात, स्थलांतर किंवा कलंक या संकल्पना शिकवायला परदेशी उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

वर्गात मुली जास्त असतात हे खरे आहे. त्यात कमीपणा कसला हे मात्र मला आजवर उमगलेले नाही. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि एकाच वाटेने, एकाच नामघोषात जाणाऱ्या दिंडीत जातीपरत्वे पंगती वेगळ्या बसतात हे त्यांनी लिहून ठेवले. ज्या वाटेने आपल्या जिल्ह्यात दरवर्षी लाखो लोक येतात तिच्यावर एका बाईने हे टिपले होते, एवढे आपल्या नातेवाइकांना सांगावे.

खेदाची गोष्ट एवढीच की बाकांवरची ही विविधता प्राध्यापकांच्या खोलीत क्वचितच दिसते. वर्षानुवर्षे भरती रखडल्यामुळे पहिल्या पिढीतले शिकून तयार झालेले लोक दारातच ताटकळत राहिले आहेत. त्याविषयी अनुभवी माणसानेच लिहिलेले बरे.

उत्तर : तासिका तत्त्व

सरांनी माझ्याकडेच बोट दाखवले आहे असे समजून लिहितो.

मी समाजशास्त्रात एम.ए. असून सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे आणि तासिका तत्त्वावर शिकवतो. याचा अर्थ असा की जेवढे तास घेईन तेवढ्यांचेच मानधन मिळते, सुट्टीत काही मिळत नाही, बिल मंजूर होऊन पैसे हाती यायला सत्र उलटून जाते आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत द्यावी लागते. म्हणून यंत्रमागकर यांना माझे सांगणे आहे की, ताई प्राध्यापक होणार या हिशेबावर घराची गणिते मांडू नका. झाली तर उत्तमच.

तरीही ती वाट नीट माहीत असावी. सहायक प्राध्यापक पदासाठी एम.ए.ला 55 टक्के आणि नेट (राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट लागते. आरक्षित प्रवर्गांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. जुलै 2023 पासून या पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेटचा समाजशास्त्राचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, तर पुणे विद्यापीठ घेत असलेल्या सेटचा पेपर मराठीतही असतो. आपल्याकडची मुले सेटकडे वळतात ती म्हणूनच. पण कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे.आर.एफ., फक्त नेटमधून मिळते आणि ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. इंग्रजी वाचनाची सवय बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून लागली, तर हा फरक भरून काढता येतो. एम.ए.नंतर सुरुवात करणाऱ्याची फार दमछाक होते. याखेरीज बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतील पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्ग महाज्योतीकडे येतात. ताईचा प्रवर्ग दाखल्यावर पाहून घ्यावा.

कनिष्ठ महाविद्यालयाचा पर्यायही आहे, कारण अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवले जाते. त्यासाठी एम.ए.सोबत बी.एड. लागते. माध्यमिक शाळेत मात्र समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही, त्यामुळे केवळ याच विषयावर बी.एड. केलेली मुलगी अडकून पडते.

उत्तर : क्षेत्रपाहणी

यंत्रमागकर दादा, मी समाजशास्त्रात एम.ए. केले आणि गेली काही वर्षे सर्वेक्षण व मूल्यमापनाच्या कामांत आहे. कधी संस्थेकडून, कधी सल्लागार कंपनीकडून. सोलापूर, धाराशिव आणि लातूर हा माझा नेहमीचा टापू आहे.

तुम्ही विचारले आहे की काम कोणते मिळते. ‘समाजशास्त्रज्ञ हवा’ अशी जाहिरात सहसा दिसत नाही, त्यामुळे पदाच्या नावाने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. जाहिरातींत क्षेत्र समन्वयक, समुदाय संघटक, प्रकल्प अधिकारी, संशोधन सहायक, देखरेख आणि मूल्यमापन अधिकारी अशी पदे असतात. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले आहे. तो पैसा कुठे गेला आणि त्याने काय बदलले हे तपासून सांगणारी माणसे तेव्हापासून अधिक लागू लागली. बचतगटांचे ‘उमेद’ अभियान, पाणलोटाची कामे, आरोग्य सर्वेक्षणे, बालविवाहविरोधी प्रकल्प, ही सगळी याच स्वरूपाची कामे आहेत. यातली बहुतेक पदे कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार होतो, प्रकल्प संपला की तो संपतो आणि पुढचा मिळेपर्यंत हात रिकामे राहतात. फिरतीही बरीच असते. मुलीने एकटीने तालुक्याच्या गावी मुक्काम करायला घरचे तयार आहेत का, हे आताच बोलून घ्या. माझ्यासोबतच्या दोघी-तिघींनी काम सोडले ते पगारावरून नव्हे, या मुक्कामांवरून.

तुमच्या बहिणीकडे एक गोष्ट आहे जी तुम्हाला कदाचित भांडवल वाटत नसेल. एका पाहणीत छापील प्रश्न होता, ‘कुटुंबात कमावत्या व्यक्ती किती?’ पूर्व भागातल्या एका घरी उंबऱ्याशी बसलेल्या बाईंनी उत्तर दिले, ‘एकच, मालक.’ हे सांगताना त्यांच्या मांडीवर सूप होते, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू होती आणि विडीला दोरा गुंडाळणारी त्यांची बोटे क्षणभरही थांबली नव्हती. आमच्या मुलाने ‘एक’ असे लिहून टाकले. सोबतची मुलगी तेलुगू जाणणारी होती. तिने प्रश्न बदलला आणि सहज गप्पा मारल्यासारखे विचारले की कारखान्यात मोजून देताना किती भरतात, छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती जाते आणि घरी हाताखाली कोण असते. दहा मिनिटांत कळले की बाई आणि त्यांच्या दोन मुली मिळून घराचा किराणा आणि भिशी चालवतात. कागदावर जे घर एका माणसाच्या कमाईवर चालत होते ते प्रत्यक्षात चार जणांच्या कमाईवर चालत होते. या शहरात असा प्रश्न तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दूतून विचारू शकणारी आणि उत्तर मराठीत नेटके, इंग्रजीत किमान शुद्ध लिहू शकणारी मुलगी मिळाली, तर आम्ही तिला हातची जाऊ देत नाही.

खरे सांगायचे तर एम.ए.त पाठ केलेले सिद्धान्त मला कामात फारसे उपयोगी पडले नाहीत. संशोधन पद्धतीचा पेपर तेवढा उपयोगी पडला, आणि तोच बहुतेक जण गाइड वाचून काढतात. प्रश्नावली कशी रचावी, नमुना कसा निवडावा, मोबाईलवर कोबो टूलबॉक्ससारख्या साधनात फॉर्म कसा भरावा, एक्सेलमध्ये तक्ते कसे काढावेत, हे ज्याला येते त्याला काम मिळते.

आणखी एक बाब, जी प्रवेश घेण्याआधी कोणी सांगत नाही. समाजशास्त्राचे एम.ए. आणि समाजकार्याचे एम.एस.डब्ल्यू. या दोन वेगळ्या पदव्या आहेत. सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना एम.एस.डब्ल्यू. मागतात, तिथे आपले एम.ए. कितीही गुणांचे असले तरी अर्ज बाद होतो. संशोधन, अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा या बाजूला मात्र एम.ए. अधिक सरस ठरते.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (सोलापूर)

क्षेत्रपाहणी ताईंचे सारे म्हणणे मान्य, पण सिद्धान्तांचा उपयोग झाला नाही हे मान्य नाही. घरातले काम हे काम म्हणून मोजलेच जात नाही, ही जाण आधी नसती, तर तेलुगू येणाऱ्या त्या मुलीलाही प्रश्न बदलावासा वाटला नसता. भाषा तर त्या बाईंच्या शेजारणीलाही येतच होती.

स्पर्धा परीक्षांचा उल्लेख झाला आहे म्हणून थोडे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय असून त्याच्या दोन पेपरांना मिळून 500 गुण असतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली असून तिच्यातही वैकल्पिक विषयाला 500 गुण आहेत. त्यामुळे मेजरचा अभ्यास तिथे वाया जात नाही. मात्र जागा मोजक्या आणि उमेदवार लाखांत असतात. अभ्यासिकेत किती वर्षे घालवायची याची मर्यादा घरात आधीच ठरवावी. ती न ठरवल्याने तिशी ओलांडलेले अनेक हुशार विद्यार्थी मला ठाऊक आहेत.

प्रश्नकर्ता : यंत्रमागकर

सर, ताई आणि तासिकावाले सर, आपण तिघांनी वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. सर्व उत्तरे बहिणीला वाचून दाखवली. विड्यांचा प्रसंग आईनेही ऐकला आणि ‘छाटीचे पैसे कापतात तेही लिहायला सांग’ असे ती म्हणाली.

आता दोनच गोष्टी विचारतो. मायनर म्हणून अर्थशास्त्र, इतिहास आणि मानसशास्त्र असे पर्याय आहेत, कोणता घ्यावा? आणि तीन वर्षांनी थांबून काम धरावे की चौथे वर्षही करावे?

उत्तर : क्षेत्रपाहणी

दादा, आईंना सांगा की छाटीचा प्रश्न पुढच्या प्रश्नावलीत घालायचा प्रयत्न करीन.

मायनर कोणता हे ती कुठे जाणार यावर ठरेल. पाहणी आणि मूल्यमापनाच्या कामाकडे जायचे असेल तर अर्थशास्त्र घ्यावे, कारण मजुरी, कर्ज आणि खर्च यांचे तक्ते समजून घ्यावे लागतात आणि तिथे आपल्या विषयाची मुले मागे पडतात. शिक्षकी मनात असेल तर इतिहास बरा, कारण तासिकावाल्या सरांनी सांगितलेली शाळेतली अडचण त्याने सुटू शकते. मानसशास्त्र समुपदेशनाच्या ओढीने घेतले जाते, पण नुसत्या मायनरवर त्या पदांसाठी कोणी उभे करत नाही.

चौथ्या वर्षाचा निर्णय आता घेऊ नका. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर पुढे एम.ए. एका वर्षात होते, आणि चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के मिळाले तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. माझे मत असे की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या सुट्ट्यांत तिने एखाद्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष काम करावे. मानधन थोडे असते, पण त्या दोन उन्हाळ्यांत हे काम आपल्याला झेपते का हे तिचे तिलाच समजेल. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे आणि सोलापूरहून एस.टी.ने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. एकदा दोघे भावंडे जाऊन तिथले अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा आणि वसतिगृहाची चौकशी करून या. समाजकार्याकडे वळायचे की समाजशास्त्रातच राहायचे हे तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलून लवकर ठरेल. आणि एक्सेल तिला तुम्हीच शिकवा. टॅलीवाल्या माणसाला ते जड जाऊ नये.